मडमेचं हलकं चाक

नगरशेजारच्या केडगावातल्या आमच्या घरी मोटार राहायची ती बैलांच्या गोठ्यात. बैल तेव्हा दुष्काळामुळे गुरांच्या छावणीत गेले होते, त्यामुळे मोटारीला हातपाय पसरायला भरपूर जागा होती. दावण तशीच, गव्हाण तशीच, कोपऱ्यात कडबा कापायचं कुट्टी यंत्र धूळ खात उभं, आणि या सगळ्याच्या मधोमध ताकाच्या रंगाची मोटार. सकाळी दादा, म्हणजे माझे वडील, तिचं बॉनेट उघडून आत पाणी ओतायचे. घागरीतून पाणी जाताना गुळगुळ आवाज यायचा, आणि तो आवाज ऐकला की आई चुलीपुढून उठून दारात यायची. त्या दुष्काळात आमच्या विहिरीचा तळ उघडा पडला होता. आई म्हणायची, “लक्ष्मी छावनीत आन् ही मडम गोठ्यात. हिला तेवढं पानी पाजा.” मडम हे मोटारीचं नाव. मिशनच्या दवाखान्यातली एक गोरी डॉक्टरीणबाई कायमची मायदेशी परत निघाली, तेव्हा तिनं ही तिच्या देशातली मोटार दादांना स्वस्तात दिली होती. दादांचं पंप आणि पाइपांचं दुकान होतं, आणि बाईंच्या विहिरीवरचा पंप त्यांनीच बसवलेला होता. बाई स्वतः मोटार चालवायच्या. दादांना शिकवलंही त्यांनीच. त्यामुळे आमच्या घराण्यात मोटार चालवण्याची विद्या एका बाईकडून आली होती, पण ही गोष्ट पुढं कुणी उघडपणे बोलत नसे.

दादा मोटार औतासारखी चालवायचे. एकदा सरळ लावली की नांगरटीचं तास संपेपर्यंत मान वळवायची नाही. मडमही स्वभावानं शांत होती. सावकाश निघायची, सावकाश थांबायची. तिला चढावर घाई नसायची आणि उतारावर हुरूप नसायचा. आमचं घर तिच्यावर खूश होतं. अपवाद एकच, आमचे तात्या.

तात्या हे दादांचे धाकटे भाऊ. नगरच्या कँपात लष्करी वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये ते कारकून होते. रणगाड्यांपासून जीपपर्यंत सगळ्या वाहनांचे सुटे भाग त्यांच्या खिडकीतून बाहेर गेले होते, आणि प्रत्येकाचं इंग्रजी नाव त्यांना पाठ होतं. पाना मात्र त्यांनी आयुष्यात हातात धरला नव्हता. नोकरी सोडून ते आमच्याकडे राहायला आले तेव्हा बरोबर एक लोखंडी ट्रंक होती. तिच्यात कँपातल्या रद्दीतून जमवलेल्या इंग्रजी मोटार-मासिकांची फाटकी पानं होती. दुपारी जेवण झालं की ते गव्हाणीवर बसून ती पानं वाचायचे. त्या वर्षी जेवण म्हणजे रेशनवरच्या तांबड्या परदेशी ज्वारीची, मिलोची भाकरी. तव्यावर असेपर्यंत ती भाकरी दिसायची, ताटात आल्यावर खापरी व्हायची. आई ती लसणाच्या चटणीत चुरून, वर आमटी ओतून द्यायची. तात्या ती चावता चावता परदेशातल्या शर्यतींच्या मोटारींबद्दल बोलत. जबडा आणि विषय दोन्ही दमले की झोपत.

हे असंच चालू राहिलं असतं. पण एकदा पुण्याहून परत येताना सुप्याच्या चढावर आमच्या मडमेला एका एस.टी.नं मागं टाकलं. मी मागच्या सीटवर होते. तात्या पुढं दादांशेजारी बसून वेग या विषयावर बोलत होते, आणि नेमक्या त्याच क्षणी ती भरलेली, कलती, टपावर कोंबड्यांच्या पाट्या असलेली गाडी शेजारून गेली. खिडकीतल्या एका म्हातारीनं आमच्याकडे बघून हात हलवला. तिला बिचारीला वाटलं असेल, मोटार बंद पडलीय. दादांनीही मोठ्या मनानं हात हलवला. तात्या मात्र केडगाव येईपर्यंत बोटांवर कसलातरी हिशेब करत होते.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, “दादा, गाडीचा दोष सापडला. फ्लायव्हील जड आहे.”

“ते काय आस्तं?” आईनं विचारलं.

खरं तर इतकं विचारायला नको होतं. तात्या खरकट्या हातानं उठले आणि आम्हाला सगळ्यांना गोठ्यात घेऊन गेले. कुट्टी यंत्राला एक मोठं बिडाचं चाक असतं. ते हातानं फिरवायला आधी जड जातं, पण एकदा फिरायला लागलं की स्वतःच्या वजनानं फिरत राहतं आणि कडब्याची पेंढी आली तरी अडत नाही. तात्यांनी ते चाक जोर लावून फिरवलं. “वहिनी, असंच चाक मोटारीच्या इंजिनाच्या मागं बसवलेलं असतं. हे वजन फिरवण्यात इंजिनाची निम्मी ताकद जाते. वजन कमी करा, की इंजिन चाबूक मारल्यासारखं पळेल!”

आईनं फिरत्या चाकाकडे पाहिलं. “आन् मग पेंढी आली की?”

“मोटारीत पेंढी येत नाही, वहिनी.”

पेंढी येते. कधी चढ होऊन येते, कधी गर्दी होऊन येते, आणि आमच्याकडे तर बँडबाजा लावून आली. पण ते पुढं.

पुढचे काही आठवडे आमच्या घरात फ्लायव्हीलची निवड चालली. आक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, सुमनचं लग्न ठरत होतं त्याच दिवसांत. आता आठवलं की हसू येतं. नवरा मुलगा पसंत करायला घरात जेवढी चर्चा झाली, त्याच्या दुप्पट या चाकावर झाली. मासिकात तात्यांना अल्युमिनियमचं फ्लायव्हील सापडलं होतं. ते सगळ्यात हलकं, पण मिळणार परदेशात. “मग इथं ओतून घेऊ,” म्हणून तात्या स्वयंपाकघरात येऊन पातेली हातात घेऊन वजन बघायला लागले. आईनं त्याच दिवशी सगळी अल्युमिनियमची भांडी कोठीत टाकून कुलूप लावलं, आणि आम्ही महिनाभर पितळेच्या भांड्यांतलं जेवलो. दुसरा मार्ग म्हणजे असलेलंच चाक लेथवर चढवून त्याच्या कडेचं लोखंड कातून काढायचं. आता प्रश्न एवढाच, किती कातायचं? तात्यांचं म्हणणं, जितकं निघेल तितकं.

“आन् लई पातळ झालं मंजी?” दादांनी विचारलं.

“फारच पातळ झालं तर वेगात असताना तडकू शकतं,” तात्या प्रामाणिकपणे म्हणाले. “मासिकात तसं दिलं आहे.”

“तडाकलं तर त्याचं तुकडं कुठं जात्यात?” आईनं विचारलं.

“कुठंही. वर येतात.”

“वर काय आस्तं, भावजी?”

“सीट,” तात्या म्हणाले.

“आन् सीटवर?”

त्यानंतर चाक मध्यम कातायचं ठरलं.

कातायचं काम बबन मिस्त्रीकडे गेलं. माळीवाड्यात त्याचं लेथचं दुकान होतं आणि ‘नाही’ हा शब्द त्याला येत नव्हता. बैलगाडीचा आख असो, पिठाच्या गिरणीचा रोटा असो, नाहीतर देवळाच्या घंटेचा लोळा असो, बबन मिस्त्री सगळ्याला एकच म्हणायचा, “व्हतंय की!” मोटारीचं फ्लायव्हील त्यानं याआधी पाहिलेलं नव्हतं, हे त्यानं तात्यांना सांगितलं नाही, आणि तात्यांनी त्याला विचारलं नाही. दोघे पहिल्या भेटीतच एकमेकांवर लुब्ध झाले. आमच्या लिंबाच्या फांदीला जुन्या मोटेचा नाडा बांधून त्यांनी मडमेचं इंजिन वर टांगलं. विहिरीत पाणी नाही, पण मोट मात्र वर आली, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. चाक लेथवर चढलं तेव्हा मी कॉलेजातून परत येताना दुकानात डोकावले होते. काळ्या राखाडी किसाचा ढीग पडत होता, बबन मिस्त्री गाणं गुणगुणत होता आणि तात्या तो कीस मुठीत धरून सोनाराच्या नजरेनं बघत होते. मध्यम म्हणजे किती, हे ठरवायला त्या दोघांजवळ आई नव्हती. त्यामुळे ते थोडे पुढं गेले.

उरला क्लच. इंजिनाचं ते चाक आणि गाडीची चाकं यांना जोडणारी आणि सोडवणारी ही तबकडी. पायानं दाबली की नातं तुटतं, सोडली की जुळतं. मडमेचा जुना क्लच लोण्यासारखा होता. तात्या म्हणाले, इंजिन आता तेज झालं, क्लचही तसाच हवा. लष्करी भंगाराच्या लिलावातून त्यांनी कुठल्याशा मोठ्या गाडीच्या दणकट स्प्रिंगा मिळवल्या आणि बबन मिस्त्रीनं त्या बसवल्या. “बसत्यात का?” असं दादांनी विचारलं होतं. उत्तर तुम्हाला माहीतच आहे.

मडमेचं इंजिन पुन्हा जागेवर बसलं त्या सकाळी दादांनी देवाला नमस्कार करून क्लचवर पाय ठेवला आणि दाबला. पाय गेला नाही. त्यांनी सीटला पाठ टेकवली, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि पुन्हा दाबला. “तात्या, ही मोटार हाय का तालीम?” ते धापा टाकत म्हणाले. ॲक्सिलरेटरला नुसता पाय लागला की इंजिन किंचाळायचं, काढला की एकदम गप्प व्हायचं. पूर्वी दादा क्लच हळूच सोडायचे आणि जड चाक आपल्या वजनानं गाडीला ओढून न्यायचं. आता क्लच सोडला की मडम एक उडी मारायची आणि बंद पडायची. पुन्हा उडी, पुन्हा बंद. अशा रीतीनं गोठ्यापासून फाटकापर्यंत आम्ही पोहोचलो, आणि फाटकाचा एक खांब पडला.

“सवयीचा प्रश्न आहे,” तात्या म्हणाले. “दादा, तुमचे पाय जुन्या विचारांचे आहेत.”

“मंग तू चालीव.”

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. तात्यांना मोटार चालवता येत नव्हती. त्यांनी कधी शिकायचा प्रयत्नही केला नव्हता. त्यांच्या मते सिद्धांत मांडणाऱ्यानं प्रयोगात पडू नये. त्यांना हवे होते ते जुने संस्कार नसलेले पाय. घरात असे पाय कुणाचे, म्हणून त्यांनी सभोवार पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. मी बी.ए.च्या मधल्या वर्षाला होते, सायकलवरून नगरला जात होते आणि चढ चढून माझ्या मांड्या चांगल्या घट्ट झाल्या होत्या. “शालन शिकेल,” तात्या म्हणाले. आई म्हणाली, “न्हाई.” दादा पडलेल्या खांबाकडे बघत होते. आपण पुन्हा त्या सीटवर बसायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात असावं. ते म्हणाले, “शिकू दे.”

गावाबाहेरच्या आटलेल्या तळ्यात मी मोटार शिकले. तिथं पडायला खांब नव्हते. तळ्याच्या एका अंगाला दुष्काळी कामावर माणसं गाळ उपसत होती आणि बाया पाट्या वाहून बांधावर टाकत होत्या. मी बंद पडले की बाया पाटी डोक्यावरच ठेवून थांबायच्या. “पोरी, ढकलायला येऊ का?” एक जण ओरडायची. दुसरी म्हणायची, “राहू दे गं, तिचं बी हजेरीचं काम आसंल.” तात्या बांधावर छत्री घेऊन बसायचे आणि मासिकातलं मराठीत सांगायचे. मला त्यातलं काही कळायचं नाही. पण पायाला हळूहळू कळायला लागलं. ही मडम ओढून नेणारी राहिली नव्हती. तिला सतत विचारत राहावं लागायचं. इंजिनाचा आवाज थोडा चढवायचा, क्लच केसाएवढा सोडायचा, आवाज पडायला लागला की लगेच थोडा गॅस, पुन्हा केसाएवढा. मला दुसरी कुठली मोटार माहीतच नव्हती, त्यामुळे सगळ्याच मोटारी अशा असतात, असं मी धरून चालले. एका दुपारी मी बंद न पडता तळ्याला आख्खी फेरी मारली. बायांनी पाट्या खाली ठेवल्या. कामावर वाटलेल्या सुकडीतला, त्या गोड भाजक्या पिठातला एक गोळा त्यांच्यातल्या म्हातारीनं माझ्या हातावर ठेवला. त्यात गूळ कमी आणि वाळू जास्त होती, पण मी तो सगळा खाल्ला.

माझा नातू हल्ली जी गाडी चालवतो तिला क्लचच नाही. डावा पाय नुसता बाजूला पडलेला असतो. मला त्या पायाची कीव येते.

शिकाऊ परवाना निघाला, आणि मागोमाग आक्काचं लग्न आलं. मुलगा श्रीगोंद्याकडचा, शेती खात्यात नोकरीला. त्याचे वडील गावच्या सोसायटीचे चेअरमन होते. सोसायटीतून पायउतार होऊन बराच काळ लोटला होता, पण त्यांना त्यांची पत्नीसुद्धा चेअरमनच म्हणायची. त्यांनी हुंडा मागितला नाही. “आपल्याला फक्त मान पायजे,” ते म्हणाले. ही मागणी ऐकून दादा हबकलेच, कारण मान कुठल्या दुकानात मिळत नाही. लग्न आमच्या दारी. लग्नाआधी नवरदेव जानवशातून, म्हणजे वऱ्हाडाच्या उताऱ्यातून, वाजतगाजत मारुतीच्या देवळात जातो आणि तिथून मांडवात येतो. त्याला घोडा लागतो. पण त्या वर्षी घोडेवाले घोडे घेऊन चाऱ्याच्या शोधात लांब गेले होते. चेअरमन म्हणाले, “तुमची मोटार हाय ना? मोटारीतनं काढा.” दादांनी माझ्याकडे पाहिलं, मी तात्यांकडे. तात्यांचे डोळे चमकत होते. आपल्या हलक्या चाकाला एवढ्या माणसांसमोर मिरवायची संधी त्यांना मिळत होती. करवलीनं नवरदेवाची मोटार चालवणं शक्यच नव्हतं, म्हणून दादाच बसणार होते.

फुलं नव्हती, म्हणून मडमेला कागदी फुलांच्या माळा घातल्या. मागच्या सीटवर मुंडावळ्या बांधलेले दाजी आणि शेजारी तांब्या घेऊन त्यांची बहीण. पुढं नगरचा बँड, त्याच्या मागं मी आणि इतर बाया आरतीची ताटं घेऊन, मग मोटार, आणि मोटारीच्या शेजारून, एका हातानं दार धरून, फेट्यातले चेअरमन. बँडवाले वाजवत वाजवत पावलापावलानं चालू लागले. आणि जिला पळण्यासाठी घडवलं होतं ती मडम पावलापावलानं चालायला निघाली.

पहिल्या उडीला दाजींचा फेटा छताला लागला. दुसऱ्या उडीला मुंडावळ्या तोंडात गेल्या. मडम बंद पडली की मागचे वऱ्हाडी गाडीला धडकायचे, बँड थोडा पुढं जाऊन माघारी वळून बघायचा आणि नाइलाजानं तेच गाणं परत सुरू करायचा. मारुतीचं देऊळ समोर दिसत होतं, पण जवळ येत नव्हतं. चेअरमनांच्या हातातलं दार दर उडीला त्यांना पुढं ओढून न्यायचं.

“ही मोटार हाय का बोकड?” ते शेवटी ओरडले.

तात्या लगबगीनं पुढं झाले. “चेअरमनसाहेब, दोष गाडीचा नाही. आपण तिचं फ्लायव्हील हलकं केलंय. हे काम तिच्या स्वभावाला कमीपणाचं आहे. तिला जरा पळू दिलं तर—”

“नवरदेव घिऊन पळू म्हन्ता?”

तेवढ्यात दादा विव्हळले. त्या दणकट स्प्रिंगांपुढं त्यांच्या मांडीत गोळा आला होता. दोघांनी त्यांना धरून खाली उतरवलं आणि एका ओट्यावर बसवलं. चेअरमनांच्या वऱ्हाडातला ट्रॅक्टर चालवणारा एक गडी मिशीला पीळ देत सीटवर बसला. त्यानं मडमेला अशी एक उडी मारायला लावली की बँडमधला ढोलवाला बाजूच्या चरात गेला. मग तो उतरून म्हणाला, “हिच्यात काय राह्यलं न्हाई.”

ढकलत न्यावी म्हटलं तर चेअरमन म्हणाले, बंद पडलेल्या गाडीतून नवरदेव नेतात होय? चालत नेऊ म्हटलं तर ते आणखी भडकले. “घोडं न्हाई मनून मोटार मानली. आता पोरगं पायी न्यायचं? आमी मागितलं काय हुतं, तर मान! उतर रं खाली. चला माघारी जानवशावर. कसं करायचं ते तिथं ठरवू.” दाजी उतरायला लागले. वऱ्हाडातले दोन-चार जण खरंच वळले. मांडवात आक्का पिवळ्या साडीत बसली होती. बँडचा आवाज थांबलेला तिला तिथं ऐकू आला असणार. मी ओट्याकडे पाहिलं. दादा दोन्ही हातांनी मांडी दाबत होते. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मोटारीच्या दिशेनं मान हलवली.

माझ्या हातात आरतीचं ताट होतं. ते कुठं ठेवावं सुचेना. सगळ्यात जवळ चेअरमन उभे होते, म्हणून मी ते त्यांच्याच हातात दिलं. ताटात निरांजन पेटलेलं होतं. त्यांना ते टाकता येईना, हातवारे करता येईनात आणि ओरडायला तोंड उघडलं की ज्योत फडफडायची. मी चपला काढल्या, शालूचा पदर कमरेला खोचला आणि सीटवर बसले.

“दाजी, वर पाय घ्या,” मी म्हणाले.

ते मुंडावळ्या बाजूला सारून हळूच म्हणाले, “जमंल का?”

“घट्ट धरा.”

मडम सुरू झाली. मी आवाज चढवला. तळ्यात चढवायची त्याहून जास्त, कारण इथं ओझं होतं. सगळी मिरवणूक दचकून मागं सरकली. एवढा आवाज ऐकून गाडी आता उधळणार असंच सगळ्यांना वाटलं. मी क्लच केसाएवढा सोडला. मडम हलली. एक वीत, दोन वीत. आवाज पडायला लागला, थोडा गॅस. पुन्हा केसाएवढा. बँडवाल्यांना आमच्या इंजिनावर मात करण्यासाठी गाल फुगवून वाजवावं लागत होतं, आणि त्यांनी ते मनावर घेतलं. इतक्या जोरात वाजलेला बँड केडगावानं पुन्हा ऐकला नसेल. गावातले लोक धावत बाहेर आले. विमानासारखं गर्जत आणि गोगलगायीसारखं सरकत ते वाहन, स्टिअरिंगवर शालू नेसलेली करवली, आणि शेजारून आरतीचं ताट सांभाळत, ज्योतीवर हाताचा आडोसा धरून चाललेले चेअरमन. माझी मांडी थरथरत होती. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. अर्ध्या वाटेवर तळव्याखालून धूर यायला लागला. क्लच जळत होता. मागं बसलेली दाजींची बहीण नाक वर करून म्हणाली, “ऊद लावलाय का वो? वास चांगला हाय.”

“खास मागवलाय,” मी म्हणाले.

देवळाच्या पायरीपाशी मी ब्रेक दाबला. इंजिन बंद केलं तेव्हा एवढी शांतता पसरली की निरांजनाची वात चुरचुरताना ऐकू आली. क्लच मेला होता. पण नवरदेव पोहोचला होता, वाजतगाजत, मोटारीतून. देवळापासून मांडव हाकेच्या अंतरावर. तेवढं चालत जायला चेअरमनांची हरकत उरली नाही, कारण तोवर त्यांना स्वतःलाच कुठंतरी बसायचं होतं. ताट माझ्या हातात परत देताना ते म्हणाले, “पोरी, आमच्याकडं आसली पद्धत न्हाई.” आणि थोडं थांबून, “पर ज्योत इझू दिली न्हाई म्या.” पुढं कित्येक वर्षं ते हा प्रसंग सांगायचे, तेव्हा मोटारीचा उल्लेख ओझरता असायचा आणि ज्योतीचा सविस्तर.

आक्काचं लग्न लागलं. माझं मोडलं. मोडलं म्हणण्याइतकं ते जुळलेलंही नव्हतं. राहुरीकडचे एक पाहुणे लग्नाच्या निमित्तानं मला ओझरतं बघून जायला आले होते आणि त्यांना जरा जास्तच बघायला मिळालं. लापशी जेवून हात धुताना मुलाची आई माझ्या आईला म्हणाली, “तुमची पोरगी हुशार हाय.” मग पदराला हात पुसत, “लईच हुशार हाय.” आईला त्याचा अर्थ कळला. पाहुणे गेल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तात्यांशी तर त्याआधीपासूनच बोलत नव्हती. ते ट्रंकेतली पानं चाळत बसायचे. यशस्वी झालो म्हणावं की फसलो, हे त्यांचं त्यांना ठरवता येत नव्हतं.

मडम पुन्हा लिंबाला टांगली गेली. आता दादा म्हणाले, कुठून तरी जुनं जड चाक शोधा आणि गाडी होती तशी करा. तात्या चक्क तयार झाले. बबन मिस्त्री म्हणाला, “व्हतंय की!” आणि मग तिघंही माझ्याकडे वळले. माझ्याकडे का वळले, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मला कुणी काही विचारण्याची घरात पद्धत नव्हती.

“चाक राहू द्या,” मी म्हणाले. “मला तेच येतं. क्लच तेवढा मऊ बसवा.”

“चढावर बंद पडंल,” दादा म्हणाले.

“पडली तर चालू करीन.”

मऊ क्लच बसला. पक्का परवाना मिळाला. आईचा अबोला मात्र पुरता गेला नव्हता. ती कामापुरतं बोलायची. आणि एके सकाळी ती चांगलं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन गोठ्यात आली. तिचं माहेर जामखेडच्या पलीकडे, ऊसतोडीला निम्मं गाव रिकामं होणाऱ्या मुलखात. दादांना दुकानातून सवड नसायची, एस.टी. तिथवर पोहोचायची नाही, त्यामुळे ती कित्येक वर्षं माहेरी गेलीच नव्हती. आम्हाला वाटायचं, तिला जायचं नसेल.

“मला पोचिव,” ती म्हणाली, आणि मागचं दार न उघडता माझ्या शेजारी येऊन बसली.

वाटेत दोन्ही बाजूंना उघडीबोडकी रानं, पांढरट ढेकळं, मधूनच एखादी बाभळ. एका चढावर मी बंद पडले, चालू केली, पुढं निघाले. ती समोर बघत होती. पिशवीतले फुटाणे काढून एक मूठ तिनं माझ्या मांडीवर ठेवली. मग तिचं गाव आलं. वेशीपाशी पारावर पुरुष बसले होते, विहिरीवर हंडे घेऊन बाया रांगेत उभ्या होत्या. आईनं पदर डोक्यावरून सारखा केला आणि सरळ बसली.

“हळू घे हितनं,” ती म्हणाली.

हळू घेणं हीच तर त्या मोटारीची अडचण. मी क्लच सांभाळत, गॅस देत नेत होते. पण वाटेत बकऱ्या आल्या, पाय चुकला आणि बरोबर वेशीत मडम एक झटका देऊन बंद पडली. पारावरचे पुरुष उठून उभे राहिले. बाया हंडे ठेवून पुढं आल्या. कुणीतरी ओरडलं, “आगं, ही तर आपली भागू!” मी घाईघाईनं चावीला हात घातला.

आईनं माझं मनगट धरलं. “ऱ्हाऊ दे घटकाभर,” ती समोर बघतच म्हणाली. “लगीच चालू करू नगं.”